नळ कोरडा, कालवा गोठलेला: नॅरोबोटीतलं हिवाळी पाणी-बंद कसं शोधायचं

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत, म्हणजे लांब, अरुंद पोलादी बोटीत, बारा महिने राहणाऱ्यांना हा बिघाड दर हिवाळ्यात एकदा तरी गाठतोच. रात्री पारा उणे चार-पाचवर जातो, सकाळी चहाचं आधण ठेवायला नळ उघडावा तर थेंब नाही. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं. पुढे पंप काय करतो ते मात्र बोटीबोटीत वेगळं असतं, आणि बिघाड कुठे आहे ते त्यावरूनच कळतं. त्यामुळे नळाशी खटपट करत बसण्याआधी पंपाचा आवाज ऐका.

लक्षणं

आधी रचना लक्षात घ्या. आपल्याकडे पाण्याची टाकी गच्चीवर असते आणि पाणी आपोआप खाली येतं. बोटीत टाकी पायाखाली, पुढच्या डेकच्या पोटात असते, त्यामुळे सगळा भार १२ व्होल्टच्या छोट्या पंपावर येतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो, पंपाच्या डोक्यावरचा प्रेशर स्विच ते ओळखतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब साधारण २ बारपर्यंत चढतो आणि पंप थांबतो. एवढं डोक्यात असलं की खालची यादी सहज उलगडते.

- नळ उघडा आहे आणि पंप गप्प: वीज पोचत नाही, किंवा पंपाच्या पुढे, म्हणजे नळांच्या बाजूला, लगेच बर्फ धरलाय.
- पंप सुरू होऊन एक-दोन सेकंदांत थांबतो, नळाला पाणी नाही: पंप ठणठणीत आहे, पुढची नळी गोठली आहे.
- पंप मोकळा खडखडत राहतो, थांबत नाही, नळातून नुसती फुसफुस: पंपाला पाणी ओढता येत नाही. टाकी रिकामी, टाकीकडची नळी गोठलेली, नाहीतर गाळणीला चीर.
- पंप थांबत नाही, पण आवाज भरीव, जड. नळाला मात्र पाणी नाही किंवा अगदी बारीक धार: नळी फुटली आहे आणि पाणी बोटीच्या तळात जातंय. पुढचं वाचण्याआधी पंप बंद करा.
- थंड पाणी येतं, गरम येत नाही: कॅलरिफायरकडे, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या टाकीकडे जाणारी नळी गोठली आहे.
- एकाच नळाला पाणी नाही: त्या नळाची शेवटची दोन-तीन फूट नळी.
- पाणी सगळीकडे व्यवस्थित, पण सगळे नळ बंद असताना पंप मध्येच दोन सेकंद वाजतो: बर्फ सुटला आणि कुठेतरी पाझर राहिला.

सगळ्यात आधी: पंपाचा स्विच बंद

तपासणी काहीही असो, पहिलं काम हेच. गोठलेली नळी गळत नाही, ती सुटल्यावर गळते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि त्या जोराने सांधा निसटतो किंवा फिटिंगला चीर जाते, पण बर्फाचं बूच बसलेलं असेपर्यंत काहीच दिसत नाही. मग दुपारी ऊन येतं किंवा केबिन गरम करणारा स्टोव्ह पेटतो, बूच सुटतं, आणि चालू राहिलेला पंप मिनिटाला दहा-बारा लिटरने ४००-५०० लिटरची अख्खी टाकी तुमच्या फरशीखाली ओततो. तासाभरात खेळ खलास. तळाची फळी, इन्सुलेशन, बॅलास्टच्या (बोट स्थिर राहावी म्हणून तळात रचलेल्या) विटा सगळं भिजतं आणि वाळायला उन्हाळा उजाडतो. थंडीपेक्षा थंडी ओसरण्याचा दिवस जास्त धोक्याचा आहे, आणि बोटीवरचे लोक नेमके त्याच दिवशी निर्धास्त होतात.

१. टाकीत पाणी आहे का? (फुकट, दोन मिनिटं)

हसू नका. हिवाळ्यातल्या "पाइप गोठला" तक्रारींमागे रिकामी टाकी असते हे बरेचदा निघतं. कारण साधं आहे: काठावरचे पाण्याचे स्टँडपाइप आधी गोठतात, कालव्यावर बर्फ असल्यामुळे बोट हलवता येत नाही, आणि शेवटचं पाणी कधी भरलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. काट्याच्या गेजवर विश्वास ठेवू नका. पुढच्या डेकवरचं झाकण उघडून स्वच्छ लाकडी पट्टी आत बुडवा.

झाकण उघडलंच आहे तर तसंच ठेवून पंप दहा सेकंद चालवून बघा. टाकीला हवा यायला एक बारीक भोक असतं. त्यावर बर्फ साचला की पंप पाणी ओढतो, पण त्या जागी हवा शिरत नाही आणि पंप दमतो. झाकण उघडल्यावर पाणी आलं तर बिघाड सापडला. ते भोक कोमट फडक्याने मोकळं करा.

टाकी स्वतः गोठली असेल का, हा प्रश्न नेहमी येतो. इंग्लंडच्या थंडीत जवळजवळ कधीच नाही. टाकीचा बराचसा भाग पाण्याच्या रेषेखाली असतो, आणि वर बर्फ असला तरी त्याखालचं कालव्याचं पाणी शून्याच्या वरच असतं. शिवाय ४०० लिटर पाणी गोठायला वेळ लागतो. १५ मिलिमीटरच्या नळीत मीटरभर लांबीत जेमतेम १००-१५० मिलिलिटर पाणी असतं, म्हणजे चहाचा एक कप. ते एका रात्रीत दगड होतं.

२. बॅटरी (फुकट, पाच मिनिटं)

पंप गप्प असेल किंवा रडत-रडत चालत असेल तर व्होल्टमीटर काढा. शिशाची बॅटरी रात्रभर विश्रांतीनंतर १२.७ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. शून्याजवळच्या थंडीत तिची कुवत सुमारे पाचव्या हिश्श्याने घटते. लंडनच्या अक्षांशावर डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा असल्यामुळे छतावरचं सोलर नावापुरतं उरतं. त्यामुळे उन्हाळ्यात पुरणारी बॅटरी आता पहाटे मान टाकते.

मोजायचं मात्र पंपाच्या टोकांवर, आणि पंप चालू असताना. हे का महत्त्वाचं ते आकड्यात बघा. बॅटऱ्या मागे इंजिनाजवळ, पंप पुढे नाकाशी. ५७ फुटी बोटीत वायर जाऊन-येऊन सुमारे ३४ मीटर होते. पंप सात अँपिअर घेतो. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर दीड व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातात. बॅटरीवर १२.२ दिसत असताना पंपाला साडेदहा मिळतात, आणि लोक चांगला पंप काढून नवा बसवतात. नवा पंपही तसाच रडतो. अशा वेळी इंजिन सुरू करा. व्होल्टेज चौदाच्या आसपास चढल्यावर पंप नीट चालला तर दोष वायरीत आणि बॅटरीत आहे, पंपात नाही. फक्त कॅलरिफायर गोठल्याची शंका असेल तर इंजिन आत्ता नको. त्याचं कारण पुढे येईल.

लिथियम बॅटरी असेल तर आणखी एक: शून्याखाली ती चार्ज करायची नसते, आणि तिची संरक्षण यंत्रणा बहुधा स्वतःच चार्जिंग तोडते. ते बिघाड समजून वायरी उचकटू नका, आधी बॅटरीची जागा गरम करा.

३. फ्यूज आणि "गप्प पंप" (फुकट ते एक पौंड)

फ्यूज बहुतेक १० अँपिअरचा असतो. उडाला असेल तर एकदाच बदला. दुसऱ्यांदा उडाला म्हणजे पंपात बर्फ अडकून मोटर जाम झाली आहे, तिला जबरदस्ती करू नका. मोठा फ्यूज घालणं हा उपाय नाही, आग लावण्याची तयारी आहे.

फ्यूज ठीक, वीज ठीक, तरी पंप गप्प? इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पंपापासून पुढे दोन फुटांवर बर्फ असेल तर पंप आणि बर्फ यांच्यामधला दाब कालपासून तसाच अडकलेला असतो. तुम्ही नळ उघडता, पण दाब उतरल्याची बातमी स्विचपर्यंत पोचतच नाही. पंपाच्या दृष्टीने नळ बंदच आहे. खात्री करायची तर स्विच बंद ठेवून पंपाच्या पुढच्या बाजूची, नळी जोडणारी प्लॅस्टिकची चकती फडकं धरून हाताने पाव वळसा सैल करा. चूळभर पाणी पिचकारीसारखं उडालं तर तिथे दाब होता. चकती परत आवळा, स्विच चालू करा. पंप दोन सेकंद चालून थांबला की त्याची प्रकृती उत्तम आहे असं समजा आणि पंपाकडे पाठ फिरवून नळीमागे लागा.

४. गाळणी (फुकट, फुटली असेल तर वीस पौंडांच्या आत)

टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक वाटीची गाळणी असते. पंप मोकळा खडखडत असेल तर इथे या. वाटी फिरवून काढा. आत बर्फाचा चुरा, टाकीतल्या गंजाचे पापुद्रे किंवा काळ्या रंगाचे कपचे निघतील. कोमट पाण्यात धुवा. उकळतं पाणी ओतलं तर थंडगार प्लॅस्टिक तडकतं, आणि पुढचा बिघाड तुम्हीच तयार केलेला असतो.

मग वाटी उजेडात धरून तळाशी बघा. केसाएवढी चीरही पुरते. या बाजूला पाणी ओढलं जातं, ढकललं जात नाही, त्यामुळे चिरेतून पाणी बाहेर येण्याऐवजी बरेचदा हवा आत जाते. फरशी कोरडीठाक आणि पंपाने मात्र हवा धरलेली. गावाकडे विहिरीवरच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह गेला की जे होतं तेच इथे. वाटीचं रबरी कडं चपटं झालं असेल तर तेही बदला. परत लावताना वाटीत पाणी भरून लावा, पंप लवकर धरतो.

५. बर्फ नेमका कुठे? (फुकट, अर्धा तास)

सगळी बोट गरम करण्यापेक्षा जागा शोधणं स्वस्त. नळ्या टाकीपासून मागे इंजिनाकडे जातात, बहुधा दोन्ही बाजूंना फरशीजवळून किंवा खिडक्यांखालच्या कपाटांतून. पंपाजवळचा नळ आधी उघडा, मग एकेक करत मागे जा. ज्या दोन नळांच्या मध्ये पाणी बंद होतं, बर्फ त्याच टप्प्यात.

जिथे नळी पोलादाला टेकते तिथे संशय घ्या. बोटीची बाजू सहसा ६ मिलिमीटर पोलादाची, केबिन ४ मिलिमीटरची. इन्सुलेशन जिथे तुटलंय तिथे ती पट्टी थेट बाहेरची थंडी आत आणते. ठरलेल्या जागा अशा: पुढच्या पायऱ्यांखालचा पंपाचा कप्पा, सिंकखालचं बंद कपाट, शॉवरच्या मिक्सरमागची भिंत, बेडखालचा कोपरा, आणि केबिन संपून इंजिनाची खोली सुरू होते ती आडवी भिंत. या शेवटच्या जागेकडे जास्त लक्ष द्या. केबिन वीस अंशांवर असते आणि तिच्यापासून हातभर अंतरावरची इंजिनाची खोली उघड्यावर असल्यासारखी. कॅलरिफायरला थंड पाणी पुरवणारी नळी तिथूनच जाते. थंड पाणी येतं आणि गरम येत नाही, तर दहापैकी आठ वेळा बर्फ इथेच असतो.

बोटीत सगळीकडे स्टोव्हची ऊब असताना नळ्या गोठतातच कशा, असं विचारतात. स्टोव्ह बहुतेक बोटींत पुढे असतो आणि ऊब वरच्या वर छताला लागते. डोक्याशी २४ अंश आणि त्याच वेळी कपाटाच्या बंद दाराआड, फरशीजवळ, तीन अंश, हे नॅरोबोटीत नेहमीचं आहे. हात घालून बघा: गोठलेल्या टप्प्यावर नळीला पांढरी लव असते किंवा ती बोटाला चिकटल्यासारखी लागते.

६. बर्फ सोडवणं

पंप बंद. त्या लाइनवरचे नळ उघडे, म्हणजे वितळणाऱ्या पाण्याला आणि वाफेला वाट राहते. गरम करायला नळाच्या बाजूने सुरुवात करून बर्फाकडे जा. मधूनच सुरुवात केली तर दोन बुचांमध्ये कोंडलेलं पाणी सांधा उडवतं.

पहिला उपाय म्हणजे कपाटांची दारं उघडणं, समोरचं सामान काढणं आणि दोन तास थांबणं. कंटाळवाणा आहे, पण निम्म्या वेळा यानेच काम होतं. दुसरा: गरम पाण्यात पिळलेले जुने टॉवेल नळीभोवती गुंडाळणं, दर पाच मिनिटांनी बदलणं, किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी टेकवून ठेवणं. तिसरा हेअर ड्रायर, पण हिशोब करून. हजार वॉटचा ड्रायर इन्व्हर्टरवरून चालवला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून नव्वदच्या वर अँपिअर ओढतो, दहा मिनिटांत पंधरा अँपिअर-तास. इंजिन चालू असेल तरच हे करा, नाहीतर पाणी येईल आणि दिवे जातील.

ब्लोटॉर्च नाही. कॅम्पिंगच्या गॅसची ज्योतही नाही. नळी प्लॅस्टिकची आहे आणि तिच्यामागे फवारलेला पॉलियुरेथेनचा फोम आहे. तो पेटला की धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड असतं. कप्पा गरम करायला कोळशाची उघडी शेगडी किंवा बार्बेक्यू आत आणणंही तसंच जीवघेणं. निवासाची सोय असलेल्या बोटीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोट सेफ्टी स्कीमने (बोटींच्या सुरक्षा तपासणीची योजना) १ एप्रिल २०१९पासून सक्तीचा केला आहे. या खटाटोपात कपाटं रिकामी करताना तो उशांखाली गाडला जाणार नाही एवढं बघा.

७. सुटल्यानंतरची परीक्षा

पाणी आलं की लोक पंप चालू ठेवून कामाला निघतात. ते करू नका. सगळे नळ बंद करा, एक माणूस स्विचशी, दुसरा टॉर्च घेऊन नळ्यांशी. पंप चालू करा, दाब धरून थांबू द्या. मग वीस मिनिटं थांबा. या वेळात पंप एकदाही वाजला नाही तर बहुतेक ठीक आहे.

वाजला तर लगेच फरशी उचकटू नका. पंपाच्या पुढे बंद करायची चावी असेल तर ती बंद करा आणि पुन्हा थांबा. तरीही पंप वाजत असेल तर पाणी नळीतून गळत नाही, पंपाच्या आतल्या पडद्यांतून उलटं टाकीत जातंय. पंपाचं दुरुस्ती-किट घाला किंवा शंभर पौंडांच्या आसपास नवा पंप; तोवर रात्री स्विच बंद ठेवला तरी चालतं. चावी बंद केल्यावर पंप गप्प झाला तर गळती पुढे आहे. प्रत्येक सांध्याखाली स्वयंपाकघरातला कागदी रुमाल एकेक घडी करून ठेवा. डोळ्याला न दिसणारा पाझर कागदावर नाण्याएवढा डाग उमटवतो.

केबिनच्या मागच्या टोकाला, पायरीजवळ, तळ बघायचं छोटं झाकण असतं. बोट मागे किंचित बसलेली असते, म्हणून कुठेही गळलं तरी पाणी शेवटी तिथे येतं. कोरडं असेल तर निश्चिंत.

निसटलेला पुश-फिट, म्हणजे नुसता ढकलून बसवायचा, सांधा घरच्या घरी होतो. पंप बंद, नळी कटरने काटकोनात कापा. ब्लेडने तिरकी कापली तर रबरी कडं फाटतं. आत पोलादी बाही, म्हणजे नळीच्या तोंडाला आधार देणारं छोटं नळकांडं, घाला. फिटिंग किती खोल जातं ते मोजून, सहसा २५ ते ३० मिलिमीटर, नळीवर पेनाने खूण करा आणि खूण झाकेपर्यंत ढकला. मग उलट ओढून बघा. बर्फाने निसटलेलं तेच जुनं फिटिंग परत वापरायचा मोह टाळा, त्याचे दात झिजलेले असतात. शॉवरचा थर्मोस्टॅटवाला मिक्सर फुटला असेल तर तो दुरुस्त होत नाही. दोन्ही नळ्यांना बूच मारा, बाकीची बोट चालू करा आणि मिक्सर सवडीने बदला.

८. कॅलरिफायर: इथे घाई नडते

गरम पाणी बंद आहे म्हणून इंजिन चालवून टाकी तापवू, असा विचार साहजिक येतो. थांबा. थंड पाण्याची नळी एका बाजूने गोठलेली, गरम पाण्याची दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये ५०-६० लिटर पाणी तापायला लागलं तर ते फुगून जाणार कुठे? त्यासाठी दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण ३ बारला उघडणारा. पण त्याची निकासाची नळी इंजिनाच्या खोलीतच असते, म्हणजे तीही गोठलेली असू शकते.

म्हणून आधी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा. मग त्या व्हॉल्व्हची टोपी हाताने फिरवा. पाणी सुटलं तर व्हॉल्व्ह मोकळा आहे. काहीच आलं नाही तर इंजिन नाही, इमर्शन हीटर नाही, आधी टॉवेल आणि रबरी पिशवी. व्हॉल्व्ह मोकळा होईपर्यंत टाकी तापवायची नाही. एकदा फिरवलेला जुना व्हॉल्व्ह नंतर थेंब-थेंब गळत राहतो. त्यात खपली अडकलेली असते; दोन-तीनदा फिरवून धुतला तर बरेचदा बसतो, नाहीतर बदलावा लागतो.

हात थांबवा आणि माणूस बोलवा

गॅसचा झटपट वॉटर हीटर गोठला असेल तर तो पेटवू नका. आत तांब्याची बारीक नळीदार जाळी असते आणि ती सगळ्यात आधी फाटते. बोटीत राहणाऱ्याच्या गॅस उपकरणाला हात लावायचा अधिकार फक्त गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी) यादीत नाव असलेल्याला आहे, आणि त्यातही बोट आणि एलपीजी या दोन्हींची नोंद त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला असायला हवी. कार्ड उलटं करून बघायला लाजू नका. घरातलं गॅसचं काम करणारा प्रत्येक जण बोटीला चालत नाही.

कॅलरिफायरच्या अंगातूनच पाणी येतंय, किंवा मोकळा न होणारा व्हॉल्व्ह घेऊन तुम्ही दोन तास बसला आहात: बोटीचा इंजिनिअर.

काठावरची २३० व्होल्टची वायर जोडलेली आहे आणि गळती सॉकेटजवळ किंवा इमर्शन हीटरजवळ आहे: काठावरचा प्लग काढा, इन्व्हर्टर बंद करा, इलेक्ट्रिशियन.

फुटलेली नळी भिंतीच्या फळीमागे, फोममध्ये गाडलेली आहे: तो टप्पा दोन्ही बाजूंनी बूच मारून वेगळा करा. फोम खरवडून काढला की पुढच्या हिवाळ्यात तीच जागा सगळ्यात थंड असते, त्यामुळे नळी नव्या मार्गाने नेणारा प्लंबर बोलावणं स्वस्त पडतं.

आणि एक तातडीची गोष्ट. तळात पाणी वाढतंय, पण टाकीतली पट्टी कालएवढंच दाखवतेय. म्हणजे पाणी तुमच्या नळ्यांचं नाही, कालव्याचं आहे. पाणी उपसायचा पंप चालू करा आणि ताबडतोब मदत मागवा. इथे स्वतः शोधत बसायचं नाही.

पाणी भरायला जायचं कसं

बर्फ फोडत बोट हाकू नका. चार-पाच मिलिमीटरचा थरही करवतीसारखा पाण्याच्या रेषेवरचं ब्लॅकिंग, म्हणजे गंजापासून वाचवणारा काळा लेप, खरवडतो. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही फोडलेले तुकडे शेजारच्या फायबरग्लासच्या बोटीवर आदळतात, आणि तिचं अंग पोलादाचं नसतं. डिसेंबर २०१०मध्ये कालवे आठवडेच्या आठवडे गोठून होते; तेव्हा बोट हलवून काही साधण्यासारखं नव्हतं. चौदा दिवसांत जागा बदलण्याच्या नियमाची धास्ती घेऊ नका. १९९५च्या कायद्यातच परिस्थितीनुसार वाजवी असेल तेवढ्या जास्त मुक्कामाची सवलत आहे. कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टला बर्फाचा फोटो जोडून कळवून ठेवा.

पाणी कॅनने आणा, आणि २५ लिटरचा नको, दहाचे दोन घ्या. गोठलेल्या वाटेवर एका हातात २५ किलो घेऊन बोटीच्या कडेवर पाय टाकताना माणूस पडतो तो बोट आणि काठ यांच्या मध्ये.

गोठवणाऱ्या रात्रीची तयारी

थंडीचा इशारा आला की त्याच दिवशी टाकी काठोकाठ भरा. रात्री झोपताना पंप बंद करा आणि एक नळ उघडून दाब सोडा. नळीत दाब नसेल तर बर्फाला फुगायला थोडी जागा मिळते. सिंकखालची, बेडखालची, पायऱ्यांखालची दारं उघडी टाका. पाच लिटर पाणी सिंकजवळ भरून ठेवा आणि किटलीही भरूनच ठेवा, सकाळचा चहा आणि टॉवेल भिजवायचं पाणी दोन्ही त्यातून निघतं. जमिनीवरच्या घरात नळ थेंब-थेंब चालू ठेवतात ती युक्ती इथे चालत नाही: पंप रात्रभर दचकत राहतो, बॅटरी आणि टाकी दोन्ही उतरतात, आणि सिंकची बाहेर जाणारी नळी गोठली तर पाणी आतच साचतं.

नळीवर फोमचं आवरण १३ पेक्षा १९ मिलिमीटरचं घ्या आणि कोपऱ्याच्या सांध्यांवर उघडं सोडू नका. तरी हे ध्यानात असू द्या की आवरण ऊब देत नाही, फक्त थंड होणं लांबवतं. एका रात्रीला उपयोगी, चार दिवस बंद असलेल्या बोटीला नाही.

बोट सोडून भारतात जाणार असाल, आणि डिसेंबर-जानेवारीत लग्नकार्याला बरेच जण जातात, तर सरळ पाणी काढून टाका. पंप बंद करा, सगळे नळ उघडा, मिक्सर मधोमध ठेवून शॉवरची नळी खाली सोडा. सगळ्यात खालचा निचऱ्याचा नळ उघडा आणि कॅलरिफायर रिकामा करा. गाळणीची वाटी काढून बाजूला ठेवा. मग पंप दहा-पंधरा सेकंद मोकळा चालवा, म्हणजे त्याच्या पोटातलं पाणी निघेल. शॉवरचं सांडपाणी उपसणाऱ्या छोट्या पंपालाही तेच, तो नेहमी विसरला जातो. नळ उघडेच ठेवून जा. गाडीचं अँटिफ्रीझ पिण्याच्या पाण्याच्या नळीत कधीही घालू नका, ते विष आहे. इंजिनाच्या थंडाव्याच्या पाण्यात मात्र ते असायलाच हवं, आणि ते किती अंशांपर्यंत पुरेल हे काही पौंडांच्या काचेच्या टेस्टरने ऑक्टोबरमध्येच तपासायचं असतं.

सुट्या भागांच्या डब्यात हे ठेवा: १५ मिलिमीटरचे सरळ सांधे चार, कोपरे दोन, बूच चार, पोलादी बाह्या दहा, दोन मीटर नळी, कटर, गाळणीची एक जादा वाटी कड्यासह, १० अँपिअरचे फ्यूज. डबा इंजिनाच्या खोलीत नको. थंडीने ताठ झालेली नळी फिटिंगमध्ये नीट बसत नाही, म्हणून हे सगळं केबिनमध्येच, स्टोव्हपासून फार लांब नाही अशा जागी.